नागपूरचा समुद्राशी संबंध काय? एका फॉरवर्डला उत्तर

‘नागपूरला समुद्र नाही, तरी आपल्या करातून परदेशी जहाजांवर समुद्रतळाचा गाळ उपसला जातो. गाळ आणि माहिती दोन्ही परदेशी घेऊन जातात. भारताने हे एकट्याने करावं, नाहीतर बंद करावं.’ या आशयाचा मेसेज सध्या नागपुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. सुशिक्षित माणसंही तो पुढे ढकलत आहेत, म्हणून हे उत्तर.

‘आपला संबंध काय?’ नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. किनाऱ्यालगतचा उथळ तळ जिथे खोल समुद्राकडे उतरू लागतो, तिथे विदर्भाच्या शेतांतून धुपलेली माती हजारो वर्षं थरावर थर साचत आली आहे. इतकी सलग नोंद जमिनीवर मिळणं कठीण; नदी जुने थर खरवडून नेते.

2006 साली राष्ट्रीय गॅस हायड्रेट (समुद्रतळाखाली बर्फासारख्या रूपात अडकलेला वायू) मोहिमेत ‘जॉइडीस रेझोल्यूशन’ या खोदकाम करणाऱ्या संशोधन जहाजाने गोदावरीच्या मुखासमोर गाळाचा एक लांब नमुना काढला. मोहीम भारत सरकारची, सोबत अमेरिकेचे भूशास्त्रज्ञ. शोध होता त्यातल्या मिथेन वायूचा. पण त्याच गाळात अडकलेल्या पानांवरच्या मेणाच्या अंशांवरून 2012 मध्ये दाखवण्यात आलं, की सुमारे 4000 वर्षांपूर्वीपासून या खोऱ्यातला कोरडेपणा वाढत गेला. 2017 च्या अभ्यासाने निओडिमियम या धातूच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून) माती कुठल्या खडकावरची ते ओळखलं. कोरडेपणा वाढल्यानंतरच्या काळात दख्खनच्या बेसाल्टची, म्हणजे काळ्या ज्वालामुखी खडकाची माती जास्त येऊ लागली होती, म्हणजे पाऊस घटत असताना धूप वाढली. झाडोरा विरळ होत गेला आणि शेती पसरत गेली, हे त्याचं कारण संशोधक देतात. आपल्या काळ्या मातीचा हा इतिहास आहे. तो आपल्याला परका कसा?

‘परदेशी माहिती पळवतात.’ आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रात, भारताच्या संमतीशिवाय कुणालाही असं संशोधन करता येत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यात तशी तरतूद आहे. हिंदी महासागरातल्या आंतरराष्ट्रीय खोदकाम मोहिमांचे नमुने जपानमधल्या कोचीच्या भांडारात असतात, हे खरं. पण मोहिमेतल्या संशोधकांसाठीचा सुरुवातीचा राखीव काळ संपला की जगातला कुठलाही संशोधक ते मागू शकतो. त्यात आपलेही आले. 2015 च्या अरबी समुद्रातल्या मोहिमेचे दोन प्रमुख होते, भारताचे धनंजय पांडे आणि त्यांचे परदेशी सहकारी पीटर क्लिफ्ट. त्या मोहिमेत पश्चिम किनाऱ्यासमोर समुद्राखालच्या एका प्रचंड प्राचीन भूस्खलनाचा पुरावा हाती आला, त्याला नाव मिळालं ‘नटराज’.

‘भारताला काय मिळालं?’ गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 मध्ये उभी राहिली, ती 1960 च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतूनच.

राहिला ‘एकट्याने करा’चा मुद्दा. आपल्याकडे ‘सागर कन्या’ आणि ‘सागर निधी’ ही संशोधन जहाजं आहेत. पण खोल समुद्रात तळाखाली शेकडो मीटर जाऊन सलग गाभा (गाळाचा नळकांड्यासारखा लांब नमुना) काढणारी वैज्ञानिक जहाजं जगातच बोटांवर मोजण्याइतकी. 2015 मध्ये गॅस हायड्रेटच्या दुसऱ्या मोहिमेसाठी भारताने जपानचं ‘चिक्यू’ हे खोदकाम जहाज आणलं, ते याच कारणाने. ‘जॉइडीस रेझोल्यूशन’चं काम 2024 मध्ये थांबलं, त्यामुळे भागीदारीची गरज आता आणखी वाढली आहे. पैसा वाचवायच्या नावाखाली यातून बाहेर पडलो, तर आपल्याच नदीने नेलेल्या मातीचा अभ्यास दुसरे करतील आणि आपण तो वाचत बसू.

माती सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था नागपुरातच आहे, विद्यापीठात भूशास्त्र विभाग आहे. मेसेज पाठवणाऱ्यांना करदाते म्हणून काही मागायचंच असेल, तर विदर्भातल्या विद्यार्थ्यांना या नमुन्यांवर काम करायला निधी मागा. मी त्या मागणीवर सही करेन.