बारीक टायर आणि कालव्याची वाट

सांगली-साताऱ्याच्या सायकलवाल्यांत सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणे, रोड बाईकचे बारीक टायर फक्त डांबरासाठी. परदेशातल्या रेल ट्रेलचे, म्हणजे जुने रूळ काढून केलेल्या सायकलवाटांचे, व्हिडिओ बघून सायकल कच्च्या वाटेवर घातलीत तर रिम वाकणार, तुम्ही घसरणार. आणि जायचंच असेल तर १२० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठासून भरा.

शेवटचा सल्ला आधी घेतो, कारण घातक तोच आहे. ठासून भरलेला टायर खड्यावर दबत नाही, उडतो. चाक उडालं की पकड गेली, हादरा थेट मनगटात, आणि वेगही मरतो. हवा कमीच करायची, पण बेतानं. फार उतरवली की ट्यूब दगड आणि रिमच्या मध्ये चिमटते. काढून बघा, शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा असतात, साप डसल्यासारख्या. माझं वजन ६८ किलो. २८ मिलिमीटरच्या टायरला डांबरावर ८० पीएसआय, कालव्याकडेच्या कच्च्या वाटेवर पुढे ६५ आणि मागे ७०. हे अंगठ्यानं दाबून कळत नाही, दाब दाखवणाऱ्या काट्याचा पंपच हवा.

दुसरं, रेल ट्रेल म्हणजे रुळांखालची मुठीएवढी खडी नव्हे. रूळ उचलल्यावर वर बारीक कच पसरून दाबलेली असते. अमेरिकेत मिसूरीतली केटी ट्रेल सुमारे ३८५ किलोमीटर आहे, तीही चुनखडीच्या कचेचीच. वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नसे, म्हणून अशा वाटा जवळजवळ सपाट. आपल्याकडे तसा सौम्य उतार कालव्याच्या कडेला मिळतो. कराडजवळच्या खोडशीच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कृष्णा कालव्याकडेची वाट घ्या. कोरड्या दिवसांत चाकोरीतला मुरूम इतका बसलेला असतो की टायरचा ठसा उमटत नाही.

रिमचं म्हणाल, तर इटलीत २००७ पासून स्त्रादे बियांके ही शर्यत पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवर होते आणि सुरुवातीची कित्येक वर्षं ती २५ मिलिमीटरच्या आसपासच्या टायरांवरच झाली. तिथल्या स्पर्धकांमागे मेकॅनिकची गाडी असते, हे खरं. आपण दोन ट्यूब आणि पंप न्यायचा.

घसरण्याची भीती मात्र अर्धी खरी आहे. उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या सैल मुरमात बारीक चाक रुततं. तिथं पुढचा ब्रेक दाबू नका, हँडल सैल धरा, वजन मागे न्या. फ्रेममध्ये ३२ चा टायर बसत असेल तर जरूर बसवा. २५ च्या मानानं त्यात दीडपटीहून जास्त हवा मावते. आणि पाऊस पडून गेला असेल तर काळ्या रानाच्या बाजूला जाऊच नका. ती माती टायर आणि ब्रेकच्या फटीत भरते, चाक जाम होतं आणि सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं.

सराट्याच्या काट्यांबद्दल त्या मेसेजमध्ये अवाक्षर नाही. आपल्याकडे जास्त पंक्चर त्यांनीच होतात, टायर जाड असो की बारीक. दर थांब्यावर चाक हळूहळू फिरवून तळवा न लावता, नुसत्या नजरेनं काटे शोधा.