टाकीच्या प्रिंटरवर फोटो फुकट पडत नाही

“शाईच्या टाकीचा प्रिंटर घ्या. बाटल्या एकदा भरल्या की हजारो पानं निघतात, म्हणजे घरचा फोटो जवळपास फुकट. पडून राहिला तरी शाई कुठे पळून जाते? शाई कुठलीही चालते. कार्ट्रिज घेणारे पैसे पाण्यात घालतात.” हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय आणि त्यावर विसंबून लोक खरेदी करताहेत, म्हणून एकेक दावा तपासून पाहू.

हजारो पानं निघतात? निघतात, पण ती फोटोंची नव्हेत. खोक्यावरचा आकडा बहुधा आयएसओ/आयईसी २४७१२ या आंतरराष्ट्रीय मानकातल्या पाच नमुना पानांवर बेतलेला असतो. ती कार्यालयीन धाटणीची पानं आहेत: मजकूर, आलेख, लहानसहान चित्रं आणि भोवती भरपूर कोरा कागद. फोटोत कोरा कागद उरतच नाही. चार बाय सहा इंचांचा फोटो ए-फोर पानाच्या साधारण चौथाई असतो, म्हणून ‘एका पानाच्या शाईत चार फोटो’ असं गणित मांडलं जातं. क्षेत्रफळ बरोबर, शाईचा हिशेब साफ चूक. फोटोंसाठी आयएसओ/आयईसी २९१०२ ही वेगळी चाचणी आहे. माहितीपत्रकात तिचा आकडा दिला असेल तर तोच बघावा.

आणखी एक गोष्ट मेसेजमध्ये कुठेच नाही. चार रंगांच्या बऱ्याच टाकी-प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची (न विरघळणाऱ्या रंगकणांची) असते, मजकुरासाठी. चकचकीत कागदावर प्रिंटर ती वापरतच नाही. सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबीसर) आणि पिवळा मिसळून काळा रंग बनवतो. काळे केस, गडद कोट, रात्रीचं आकाश असे फोटो छापत गेलात की तिन्ही रंगीत टाक्या भराभर उतरतात आणि काळी टाकी आहे तिथेच राहते. शिवाय तो काळा हवा तितका गडदही येत नाही. फोटोच छापायचे असतील तर फोटोंसाठी बनवलेला, पाच-सहा रंगांचा प्रिंटर बघावा, टाकीचा असो वा नसो.

पडून राहिलेल्या प्रिंटरमधली शाई कुठे जाते? हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, साफ करण्यात. न वापरता त्याच्या बारीक छिद्रांत शाई वाळते. महिनाभर न वापरलेल्या प्रिंटरवर नोझल चेक (या छिद्रांची चाचणी छपाई) काढून बघा: बारीक रेघांच्या जाळीत मधेमधे रेघा गायब दिसतात, बहुतेकदा एकाच रंगाच्या. मग क्लीनिंग चालवायचं, पुन्हा नोझल चेक, पुन्हा क्लीनिंग. रंग एकच तुंबलेला असला तरी अनेक मॉडेलांत सगळेच रंग ओढले जातात आणि ती शाई आतल्या शोषक पॅडमध्ये किंवा मेंटेनन्स बॉक्समध्ये जाते. पॅड भरलं की प्रिंटर छापायचंच थांबवतो. (प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करा. थेट प्लग काढला तर हेडवर झाकण बसेलच याचा भरवसा नाही.)

‘शाई कुठलीही चालते’ हेही खरं नाही. रंग किती वर्षं टिकतील हे शाई आणि कागद या जोडीवर ठरतं, आणि प्रिंटरचं कलर प्रोफाइलही (रंग कसे उमटवायचे याचं गणित) त्याच जोडीसाठी बनवलेलं असतं.

कार्ट्रिजबद्दल मात्र मेसेजमध्ये अर्धं तथ्य आहे. तिन्ही रंग एकत्र असलेल्या कार्ट्रिजमधला एक रंग संपला की उरलेले दोन फेकावे लागतात, ही नासाडी खरीच. पण अशा अनेक कार्ट्रिजमध्ये हेडही असतं. तुंबलं तर नवं कार्ट्रिज लावून काम भागतं. टाकीच्या प्रिंटरमध्ये हेड बहुधा कायमचं बसवलेलं असतं आणि ते बदलायचा खर्च कधीकधी नव्या प्रिंटरच्या किमतीला भिडतो.

कधीमधी दहा-वीस फोटो छापणाऱ्यांना मी डाय-सब्लिमेशनचा, म्हणजे उष्णतेने रंग कागदावर उतरवणारा, छोटा प्रिंटर सुचवेन. त्यात शाई नसते, रिबन असते: पिवळा, मॅजेंटा, सायन आणि वर संरक्षक थर. रिबन आणि कागद मोजून एकाच पाकिटात येतात. फोटो पांढऱ्या बर्फाचा असो की काळ्या रात्रीचा, रिबन तेवढीच लागते. पाकिटाच्या किमतीला फोटोंच्या संख्येने भागलं की एका फोटोचा खर्च कळतो. आकार ठरलेलाच आणि साधी कागदपत्रं छापता येत नाहीत, पण सहा महिने कपाटात राहिला तरी वाळायला आत काहीच नसतं. दर आठवड्याला फोटो छापणाऱ्यांनी खुशाल टाकीचा प्रिंटर घ्यावा. फक्त हिशेबात चांगला फोटो पेपर धरावा, कारण टाकीवर एका फोटोमागे शाईपेक्षा कागदच महाग पडू शकतो.