ईशान्येला टाकी, आग्नेयेला सॉकेट

अभिनंदन! वास्तुवाल्यांनी सांगितल्याबरहुकूम तुम्ही माशांची दोन फुटी टाकी ईशान्येला मांडलीत. ईशान्य म्हणजे जलतत्त्व. बिल्डरनं सॉकेट आग्नेयेला दिलंय, तिथं अग्नितत्त्व, म्हणजे वास्तुशास्त्राचा अभ्यास त्याचाही झालेला दिसतो. आता या दोन तत्त्वांची गाठ घालून द्यायची, एवढंच काम उरलं.

त्यासाठी एक्स्टेंशन बोर्ड आणा आणि स्टँडखाली, फरशीवर ठेवा. फिल्टर, हीटर, एअर पंप, दिवा असे चार प्लग लागतात. हीटरची जाड पिन बोर्डात शिरत नसेल तर पक्कडीनं तोडा, गळलेला करंट जमिनीत नेणारी अर्थिंग नावाची वस्तू कुणी कधी पाहिली आहे? काही भित्रे लोक बोर्ड भिंतीवर, टाकीच्या बाजूला लावतात आणि वायरला सॉकेटच्या खाली उतरेल असा झोळ देतात. वायरवरून ओघळत आलेलं पाणी मग झोळाच्या तळाशी येऊन टपकतं, सॉकेटपर्यंत चढतच नाही. त्यांची फरशी उगाच ओली होते. तुमची कोरडी राहील, सगळं पाणी बोर्ड पिऊन टाकेल.

एअर पंप टाकीतल्या पाण्याच्या पातळीखालीच ठेवा. वीज गेली की नळीतून पाणी उलटं पंपात उतरतं. नळीत बसणारा एकमार्गी व्हॉल्व्ह अगदी किरकोळ किमतीत मिळतो, म्हणूनच तो घेणं शोभत नाही. फिल्टरची वायर उंदरानं कुरतडली? काळी चिकटपट्टी आहेच. जोड पाण्यात बुडत असेल तर दोन वेढे जास्त द्या.

पाणी बदलताना काहीही बंद करू नका. पातळी अर्ध्यावर आली की हीटरची काच उघडी पडून तापते, वर गार पाण्याची बादली ओतली की तडकते, आणि आतली तार थेट पाण्यात येते. आधी प्लग काढून पंधरा-वीस मिनिटं थांबलं तर हे काहीच घडत नाही. फार तर बटण बंद करा. बोर्डाची वायरिंग करणाऱ्यानं बटण न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेवर टाकलं असेल तर फिल्टर थांबेल, पण फेज, म्हणजे करंट आणणारी तार, पाण्यातल्या मोटरपर्यंत जिवंत राहील. मग अनवाणी, ओल्या फरशीवर उभे राहून कोपरापर्यंत हात घाला.

कुणी हटकलंच तर ठसक्यात सांगा, "आमच्याकडे एमसीबी आहे." आहेच. जास्त करंट गेला की आपोआप पडणारा हा खटका वायर जळू नये म्हणून बसवलेला असतो. २३० व्होल्टला ओल्या अंगातून शे-दोनशे मिलिअँपिअर सहज जातात. हृदयाची लय बिघडवायला तेवढे पुरतात, पण ६ अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी तो चाळीस वॉटचा बल्ब. कुणीतरी देवघरात दिवा लावला असेल, असं समजून तो शांत राहतो.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती पकडणारा खटका, मात्र फार संशयी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट तो सतत ताडून पाहतो, एवढासा फरक पडला की क्षणात लाइन तोडतो. अर्थिंग असेल तर गळती सुरू होताच, तुमचा हात पाण्यात जायच्या आधीच. ती जाड पिन तोडलेली असेल तर बहुधा तुमच्या अंगातून करंट जायला लागल्यावर. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा घेतलात तर तो आगीसाठी असतो, माणसासाठी नाही. दुकानदार फरक सांगेलच असं नाही. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते दर तीन महिन्यांनी दाबून लाइन जाते का ते बघायचं. तुम्ही दाबू नका, मालिका बुडेल.

आणि सगळ्यात मोठा पुरावा तुमच्याकडे आहेच: मासे मजेत पोहताहेत! पाण्यात करंट असता तर ते उलटे झाले नसते का? शिवाय घरावरचं संकट मासा आपल्या अंगावर घेतो, असं टाकी विकणाऱ्यानंही सांगितलंय. यात अडचण एकच आहे. गळतीनं टाकीतलं सगळं पाणी एकदम फेजवर चढतं, आणि मासा त्यात तारेवर बसलेल्या कावळ्यासारखा निवांत असतो. करंटला जमीन गाठायची असते, आणि त्या घरात जमिनीवर अनवाणी उभं कोण असतं?