ह्यो बोल्ट येवचो नाय

गाडीचा पार्ट बदलायचा म्हणजे नवीन पार्ट बसवायचा असं ज्यांना वाटतं ते एकतर घाटावर राहतात नाहीतर त्यांच्या गाडीची वॉरंटी अजून संपलेली नाहीये. मालवणात येऊन विचारा. इथे नवीन पार्ट बसवायला चहा गार होईपर्यंतचा वेळ पुरतो, जुना काढणं हेच काम असतं आणि आमचे मेस्त्री तर स्पष्टच सांगतात की मी घालूचे पैसे घेणंय नाय, काढूचे घेतंय.

आमची गाडी 1996 ची मारुती 800, एमएच 07, रंग मूळचा पांढरा. मालक अण्णा, म्हणजे माझे वडील. खर्चाचा मालक मी. ही गाडी जानेवारी 2014 मध्ये बनायची बंद झाली, तेव्हाच मी अण्णांना सुचवलं होतं की आता आपणही जरा विचार करूया, तर म्हणाले, "कंपनीन बंद केल्यान, मी खंय केलंय?" विषय संपला. पंधरा वर्षांनी एकदा पासिंग झालं, मग दर पाच वर्षांनी होतंय, आणि दर वेळी मला वाटतं की यंदा तरी सुटका होईल.

तर यंदा पासिंगच्या आधी पुढच्या डाव्या चाकातून खटखट यायला लागली. खड्डा आला की खट्, स्पीडब्रेकरला खटखट, आणि बाजारपेठेतल्या गल्लीत तर सलग. मेस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून एक हिसका दिला आणि म्हणाले लोअर आर्म गेला. लोअर आर्म म्हणजे चाकाला चेसिसशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी, धरून ठेवणारा लोखंडी हात. चाकाकडच्या टोकाला बॉल जॉइंट, आतल्या टोकाला रबरी बुश, बुशच्या पोटात लोखंडी नळी आणि त्या नळीतून आरपार जाणारा एक बोल्ट. हा बोल्ट काढला की आर्म निम्मा सुटला. वाचायला किती सोपं वाटतं.

नट सुटला. कुरकुरत, लाल भुगा सांडत, पण सुटला. आता बोल्ट मागून ठोकला की बाहेर यायला हवा. ठोकला. घण लागला, आवाज घुमला, गाडीच्या टपावरची धूळ खाली आली, बोल्ट जागच्या जागी. मग 17 चा पाना लावून फिरवून बघितला तर काय, फिरला की! मी आनंदाने "इलो इलो" म्हणून ओरडलो, मेस्त्री काहीच बोलले नाहीत. त्यांनी पाना सोडला आणि बोल्ट हळूच उलटा फिरून परत जिथे होता तिथे येऊन थांबला. बोल्ट आणि आतली नळी गंजून एकजीव झाले होते, त्यामुळे बोल्ट फिरवला की नळी फिरायची, नळीबरोबर रबर पिळलं जायचं आणि हात काढला की रबर सगळ्यांना परत घरी घेऊन यायचं. मी हे कितीतरी वेळ करून बघत बसलो. फिरवा, सोडा, परत. एक प्रकारे करमणूकच.

"ह्यो बोल्ट येवचो नाय," मेस्त्री म्हणाले आणि बिडी शोधायला लागले.

आता यात बोल्टाचा तरी काय दोष म्हणा. लोखंड गंजतं तेव्हा नुसतं झिजत नाही, फुगतं. तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या निदान दुप्पट जागा मागतो, आणि बोल्ट आणि नळीच्या मधे असते केसाएवढी फट, म्हणजे तो जाणार कुठे? तिथेच दाबून बसतो. त्यातून आमच्याकडे चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने खारं वारं, आणि कहर म्हणजे पुढे चाललेल्या मासळीच्या टेम्पोतून गळणारं बर्फाचं पाणी, जे मागच्या गाडीच्या पोटाला बरोब्बर शिंपडलं जातं. ओलावा होताच, मीठही आलं, मग गंज धावत सुटतो. तीस वर्षं त्या नळीत राहिलेला बोल्ट हा पागडीतला भाडेकरू आहे, नोटीस देऊन जाणार नाही, मारून तर मुळीच नाही, आणि गेलाच तर भिंत घेऊन जाईल.

एव्हाना अंगणात माणसं जमली होती. गाडी जॅकवर चढली की मालवणात माणसं कुठून येतात देव जाणे. एसटीच्या डेपोतून रिटायर झालेले शेजारी म्हणाले आधी थोडा आवळ, मग सोड. हा सल्ला खरंच चांगला आहे, आधी जरासं आवळलं की गंजाची पकड तुटते आणि बोल्टाचं मुंडकं मोडायची भीती कमी होते, पण इथे तो आवळला तरी परत येत होता आणि सोडला तरी परत येत होता. एक काकी कोकमाचं आगळ घेऊन आल्या. तांब्याची भांडी लख्ख होतात तर बोल्ट का नाही, असा त्यांचा बिनतोड सवाल. रॉकेल ओता असं दोघंतिघं म्हणाले, पण रेशनवरचं रॉकेल मिळायचं कधीच बंद झालंय, आता ते फक्त सल्ल्यातच शिल्लक आहे.

मी अभिमानाने माझा डब्ल्यूडी-40 चा डबा काढला. हा स्प्रे 1953 मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोला तयार झाला, रॉकेटवाल्यांसाठी, आणि त्यातला 40 म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेला फॉर्म्युला. मुळात काम पाणी हटवायचं, गंज चढू नये म्हणून. मी ही सगळी माहिती उकिडवा बसून सांगत होतो. मेस्त्रींनी ऐकून घेतलं, फवारा मारला, थोडा स्वतःच्या स्कूटरच्या चेनवर पण मारला, आणि म्हणाले की रॉकेटाक गंज चढूच्या आधी मारीत असतले, तीस वर्षांनी नाय.

तेवढ्यात टोरांटोहून पुतण्याचा व्हिडिओ कॉल. मोबाइल गाडीखाली धरून त्याला बोल्ट दाखवला. तो म्हणाला काका, इथे तर हा रोजचाच प्रकार आहे, थंडीत रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून ट्रकने मीठ टाकतात आणि गाड्या खालून पार चाळण होतात. अण्णा मागून ओरडले, "पैसे घालून मीठ टाकतत? आमका हंय फुकट मेळता!" आणि मग दिल्लीचा विषय निघाला, कारण अण्णांकडे या गाडीबद्दल एक राखीव गोष्ट आहे. देशातली पहिली मारुती 800 घेणारे हरपाल सिंग, 14 डिसेंबर 1983 ला खुद्द इंदिरा गांधींच्या हातून चावी, आणि त्यांच्यामागे ती गाडीसुद्धा घराबाहेर उभी राहून गंजली होती. "दिल्लीत खंय हा दर्या?" हा अण्णांचा प्रश्न. नंतर ती गाडी दुरुस्त होऊन नव्यासारखी झाली, हे सांगताना ते माझ्याकडे फार अर्थपूर्ण बघतात.

मग गॅसची ज्योत आली. गरम करायचं ते लोखंड फुगून गंजाची पकड सुटावी म्हणून, हे तत्त्व मला मान्य आहे, पण बोल्टाच्या भोवती रबर आहे हे ज्योतीला कोणी सांगितलं नव्हतं. काळा धूर निघाला, वास असा की काकी आगळ घेऊन परत गेल्या. मेस्त्रींचा पोरगा ओलं गोणपाट घेऊन उभाच होता, जुन्या गाडीच्या तळाला डांबरासारखं काय काय फासलेलं असतं ते पेटायला वेळ लागत नाही. रबर जळून गेलं, आता नळी आणि बोल्ट उघडे पडले, पण एकमेकांना सोडेनात. शेवटी ग्राइंडर. ब्रॅकेट आणि बुशच्या मधल्या फटीत पातं घालून बोल्ट दोन्हीकडून कापायचा, चेसिसच्या पत्र्याला धक्का न लावता. हे काम मेस्त्रींनी आडवे पडून, एक डोळा मिटून, ठिणग्या दाढीत घेत केलं, आणि सगळं अंगण पहिल्यांदाच गप्प झालं. धप्पकन आर्म खाली पडला.

नवा आर्म कुडाळहून आणलेला तयारच होता. नवीन बोल्टाला नखशिखान्त ग्रीस फासलं, तो नळीत बोटाने ढकलला तरी गेला. मी म्हटलं आता आवळा घट्ट, तर मेस्त्री नाही म्हणाले. गाडी लटकलेली असताना बुशचा बोल्ट आवळला तर खाली उतरवल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं, त्यामुळे आधी गाडी चाकांवर उभी करायची आणि मगच शेवटचा आवळा. ही गोष्ट किती गॅरेजवाले पाळतात मला शंका आहे, आमचे पाळतात.

"अण्णानू, जरा सीटवर बसा बघू, वजन व्होया."

अण्णा याचीच वाट बघत होते. बसले, आणि मेस्त्री पाना घेऊन खालून बाहेर येताहेत तोवर किल्ली फिरवून बाजारपेठेच्या दिशेने गेलेसुद्धा. परत आले ते तोंड पाडून. मी विचारलं खटखट आहे का अजून? म्हणाले नाही, तोच तर घोटाळा झालाय. हॉर्नचा आवाज बसून कित्येक वर्षं झाली होती, आता खटखटही नाही, "मग लोकांका कळतला कसा गाडी इली ती?" पासिंगला हॉर्न वाजायला हवाच, त्यामुळे मेस्त्री परत पुढच्या जाळीपाशी वाकले, हॉर्नच्या पट्टीवर टॉर्च मारला आणि मान न वळवता पोराला म्हणाले, "ग्राइंडर हाड रे."