चार तासांचं अंतर पुरत नाही

‘सॉर्बिट्रेट (हृदयविकारातल्या छातीदुखीवरची नायट्रेट गोळी) आणि सिल्डेनाफिल (व्हायग्रा, लिंगाच्या ताठरतेसाठीची गोळी) यांमध्ये चार तासांचं अंतर ठेवलं की झालं,’ हा फिरणारा सल्ला चूक आणि जीवघेणा आहे. दोन्ही औषधं रक्तवाहिन्या सैल करतात. एकत्र आली की रक्तदाब धाडकन कोसळतो. नियमित नायट्रेट किंवा निकोरँडिल (छातीदुखीवरचंच, नायट्रेटसारखं औषध) चालू असेल, तर सिल्डेनाफिल किंवा त्याच गटातलं टाडालाफिल नकोच, अंतर कितीही ठेवा. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेतल्यावर छातीत दुखलं तर घरातलं सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवू नका. रुग्णालय गाठा आणि ही गोळी कधी घेतली ते लाज न बाळगता सांगा: सिल्डेनाफिलनंतर किमान 24 तास, टाडालाफिलनंतर 48 तास नायट्रेट टाळतात.

अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना मात्र उगाच घाबरवलं जातं. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांच्यातल्या बहुतेकांना सिल्डेनाफिल-टाडालाफिल चालतं. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन हे औषध चालू असेल तर सिल्डेनाफिल-टाडालाफिलची सुरुवात कमी मात्रेने.