‘चाकरमानी’वरून पुन्हा तेच!

मुंबईत कामाला गेलेला आणि सणाला गावी येणारा कोकणातला माणूस म्हणजे आमचा चाकरमानी. पण दर चतुर्थीला हेच! आरती आटोपते, पडवीत पानसुपारी फिरते आणि कोणीतरी सुरू होतो, "चाकरमानी म्हणजे चाकर, गुलाम. हा शब्दच बंद करा." लगेच दुसरा, "छे, चाकरी अधिक मान, नोकरीमुळे गावात मान मिळालेला तो." दोघेही छातीठोक, पुरावा कोणाकडेच नाही. ‘चाकर’ फारसीतून आला, इतपत ठीक. पण पुढच्या ‘मानी’वरून आरडाओरडा कशाला?

२०२५ च्या गणपतीआधी तर सरकारी कागदांत ‘कोकणवासीय’ लिहायच्या सूचनाच निघाल्या. अहो, पण कोकणवासीय मीसुद्धा! बारा महिने इथेच असतो. मग मुंबईहून येणाऱ्याला वेगळं म्हणायचं काय?

माझे आजोबा परळला गिरणीत होते. तिथे गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे. मनीऑर्डर आली की आजी पोस्टमनला ओटीवर बसवून चहा द्यायची आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "आमच्या चाकरमान्याचे पैशे इले!" त्या आवाजात गुलामी कुठे होती हो? १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. आज ठाण्यात स्वतःचं गॅरेज असलेला माझा चुलतभाऊ कोणाचीच चाकरी करत नाही, तरी एसटीतून उतरला की वाडी म्हणते, चाकरमानी इलो.

ज्याला हा शब्द लागतो त्याने सांगावं, त्याला मी तशी हाक मारणार नाही. पण माझ्या आजीला चुकीची ठरवू नका.