दोन्ही डावे

पुस्तकांचं कपाट स्वतःच करायचं, हे मी आषाढात ठरवलं. आषाढात कोल्हापूरकर घरात अडकतो आणि नको ते ठरवतो.

निमित्त मराठी विश्वकोशाचं. 20 खंड, आणि जुनं कपाट नुसत्या खिळ्यांवर उभं. मधल्या फळीची पार झोळी झालेली. "मिस्त्रींना बोलवू या," असं बायको म्हणाली. मी म्हटलं, "खिळे ठोकणं म्हणजे काय सुतारकाम? मी खाच पाडून फळ्या बसवणार."

खाचेचं तत्त्व सरळ आहे. उभ्या फळीत आडवी खाच घ्यायची आणि आडव्या फळीचं टोक तिच्यात सारायचं. मग ओझं खिळ्यावर न येता खाचेच्या खालच्या काठावर येतं. फळी 18 मिलिमीटरची, तर खाच तिसऱ्या हिश्श्याएवढी, म्हणजे 6 मिलिमीटर खोल. इथवर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण आरपार खाच समोरून दिसते, आणि मला ती दिसायला नको होती. म्हणून मी पुढच्या कडेआधी बोटभर थांबणारी खाच निवडली. आडव्या फळीचा पुढचा कोपरा तेवढा छाटला की जोड झाकून जातो. पाहुण्यांना वाटावं, फळी लाकडातूनच उगवलीय!

अशी खाच कापताना करवत पुढे अडते. त्यामुळे बंद टोकाला आधी पटाशीनं खड्डा करायचा, म्हणजे करवतीला नाक खुपसायला जागा होते. रेघ मारायची ती गुण्या लावून, तीही कटरनं. पेन्सिलीची रेघ जाड, आणि तेवढ्या जाडीत पटाशी मनाला येईल तिकडं जाते. एका फळीला चार, अशा आठ खाचा पाडायला मला चार रविवार लागले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर "घरात काही शुभकार्य आहे का?" असंही विचारून घेतलं.

पाचव्या रविवारी दोन्ही फळ्या समोरासमोर उभ्या केल्या. डावीच्या खाचा पुढून बंद, तर उजवीच्या पुढून सताड उघड्या. वेड्यासारखी पहिलीचीच नक्कल दुसरीवर उतरवली होती. आरशातलं रूप उतरवायचं राहिलं. उजवी उलटी करून खालची बाजू वर घेतली, तर कडा बरोबर जुळल्या! पण विश्वकोशासाठी तळाचा कप्पा 12 इंचांचा आणि वरचे 9 चे. आता प्रत्येक फळी 3 इंच उजवीकडे उतरायला लागली. 'अ' पासून सगळं ज्ञान पंचगंगेकडं निघालेलं.

शेवटी मिस्त्री आले. खाचेतून अंगठा फिरवला.

"खाच झ्याक काढलासा साहेब. पर दोन्हीबी डावीच की! चप्पल अशी शिवली असती तर महाद्वार रोडला कोण घेतलं असतं?"

बायको आत जाऊन हसली. भिंतीला कान नसतात असं तिला वाटत असावं.

मिस्त्रींनी फळी सरळ केली, तिच्या खाचा मागपर्यंत आरपार नेल्या आणि समोरून सगळीकडं सागवानी पट्टी मारली. जोड तर झाकलेच, पण माझ्या डाव्या बाजूची कारागिरीही झाकली.

हत्यारं पिशवीत भरताना ते सहज म्हणाले, "पट्टीच मारायची हुती तर पयलीपास्नं आरपार काढायचं की साहेब. सकाळचं काम हुतं."